थांबण्याची ताकद



२०२५ या वर्षात एक गोष्ट सतत टोचत राहिली, म्हणून थेट तिच्यापासूनच सुरुवात करतो. २२ एप्रिलला पहलगामला २६ निरपराध माणसं मारली गेली, त्यांत आपल्या महाराष्ट्रातले पर्यटकही होते. ७ मे रोजी पाकिस्तानातल्या दहशतवादी तळांवर ‘ऑपरेशन सिंदूर’ झालं आणि १० मेला गोळीबार थांबला. तो थांबल्याचं देशाला सांगणारे परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्यावर आपल्याच लोकांनी समाजमाध्यमांवर शिव्यांचा भडिमार केला. त्यांच्या कुटुंबालाही सोडलं नाही. सरकारचा निर्णय सांगणं हे त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी केलं.

राग समजतो. पण थांबणं म्हणजे हरणं आणि बोलणी करणं म्हणजे फितुरी, ही समजूत वर्षभर ज्या उत्साहाने पोसली गेली, ती मला धोक्याची वाटते. नेमकी ठिकाणं हेरून मारा करणं आणि हेतू साधल्यावर थांबणं, यालाच बळ म्हणतात. कुठे थांबायचं हे ज्याला ठरवता येत नाही, त्याच्या लढाईचा शेवट दुसरा कुणीतरी ठरवतो.

नागपूरकरांना हे बाहेरून शिकायची गरज नाही. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगडचा पराभव पदरी आल्यावर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी देवगावचा तह केला. कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. तरीही कंपनीची तैनाती फौज त्यांनी मरेपर्यंत राज्यात येऊ दिली नाही. १८१६ साली ते गेले आणि घरातल्या सत्तास्पर्धेत आपली बाजू भक्कम करायला आप्पासाहेब भोसल्यांनी दोन-अडीच महिन्यांत तीच फौज बोलावली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, तिच्याशीच सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई जुंपली आणि राज्याचं स्वातंत्र्य संपलं. आधी लाचारी, मग उतावीळपणा. रघुजींनी या दोन्ही गोष्टी टाळल्या होत्या. बरंच गमावूनही त्यांनी निर्णय आपल्या हाती ठेवला.

याच मातीशी नातं असलेलं दुसरं नाव पी. व्ही. नरसिंह राव यांचं. नागपुरात कायदा शिकलेले आणि हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ तेलुगूत नेणारे राव १९८४ आणि १९८९ मध्ये रामटेकमधून लोकसभेवर गेले. डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी चीनला गेले, तेव्हा परराष्ट्रमंत्री होते हे आपले रामटेकचे खासदार. नेहरूंच्या १९५४ च्या दौऱ्यानंतर ३४ वर्षांनी भारताचा पंतप्रधान बीजिंगला जात होता.

१९९१ मध्ये राव पंतप्रधान झाले, तेव्हा देशाच्या गंगाजळीत जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकी चलन उरलं होतं. त्याच वर्षाअखेर सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि ज्याच्या भरवशावर आपण उभे होतो, तो मित्रच राहिला नाही. रावांनी छाती बडवली नाही आणि हातही पसरले नाहीत. जानेवारी १९९२ मध्ये त्यांनी इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले आणि त्याच महिन्यात यासर अराफत यांचं दिल्लीत स्वागतही केलं. १९९४ मध्ये जिनिव्हात ठराव आणून काश्मीरचा प्रश्न पेटवण्याचा पाकिस्तानचा प्रयत्न होता. तिथे भारतीय शिष्टमंडळाचं नेतृत्व त्यांनी विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना दिलं. इराण आणि चीनशी आधीपासून राखलेलं बोलणं कामी आलं आणि पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला.

सप्टेंबर १९९३ चा चीनबरोबरचा करार मला सर्वांत मोलाचा वाटतो. सीमेचा वाद त्याने सुटला नाही, तसा दावाही कुणी केला नाही. प्रत्यक्ष ताबारेषा दोघांनी पाळायची, बळ वापरायचं नाही आणि धमकीही द्यायची नाही, एवढंच ठरलं. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ त्या रेषेवरच्या चकमकीत आपला एकही जवान गेला नाही. जून २०२० मध्ये गलवानला २० जवान शहीद झाले, म्हणून करारच व्यर्थ होता असं म्हणणारे आहेत. करार चीनने मोडला, हे खरंच. पण देपसांग आणि डेमचोकची गस्त ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गी लागली, तीही फौजा समोरासमोर ठेवून चिकाटीने केलेल्या वाटाघाटींतूनच.

परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं, त्याची किंमत मात्र आपल्या बांधावर मोजली जाते. नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश. त्याने आयात शुल्क वाढवत नेलं आणि वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या बागायतदाराचा भाव पडला. अमेरिकेने ऑगस्टमध्ये भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादलं. कापड उद्योगाला आधार म्हणून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं आणि वेचणी तोंडावर असताना ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. झळ विदर्भातल्या कापूस उत्पादकाला बसली. कुठल्याही देशाशी नातं तोडायची आरोळी ठोकण्याआधी या माणसाचा हिशेब मांडला पाहिजे. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना बाबासाहेब आंबेडकरांनी असाच हिशेब मांडला होता. ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात आणि तो आपल्या परराष्ट्र धोरणाचाच परिणाम आहे, असं त्यांनी बजावलं होतं.

वर्षात चांगलंही घडलं. जुलैमध्ये आपल्या दिव्या देशमुखने बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तो आनंद अजून ताजा आहे. बाकी वर्षाचा आढावा आतल्या पानांवर आहे. यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’. वाड्यातल्या, गावच्या, भाषेच्या आणि देशांच्या सीमेपलीकडच्या शेजाराबद्दल आमच्या लेखकांनी मन लावून लिहिलं आहे.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी सरकार, मग ते कुठल्याही पक्षाचं असो, थांबायचं ठरवेल, तेव्हा त्याला भित्रं म्हणण्याआधी विचारा, यातून देशाच्या हाती काय राहिलं? उत्तर पटलं नाही, तर सरकारला जरूर धारेवर धरा. पण प्रश्न हाच विचारा. जनतेने घाई केली, की राज्यकर्त्यांना शहाणपण परवडेनासं होतं.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— संपादक, नागपूर