गुरुवारचा रविवार

रविवारी काय प्लॅन? हा प्रश्न कुरुळीत एखाद्याला विचारून बघा. आधी तो हसेल, मग म्हणेल, "ड्यूटी!"

पिंपरी-भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांचा वीकली ऑफ असतो गुरुवारी. त्यात दत्तगुरूंचा काही संबंध नाही, प्रकरण विजेचं आहे. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि उरलेले सहा दिवस एकदम सुरू, असं झालं तर भार सांभाळणं अवघड. म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले. इथल्या वाट्याला गुरुवार आला. आता बायको हिंजवडीत आयटीमध्ये असेल तर झालंच कल्याण! तिची सुट्टी शनिवार-रविवार, याची गुरुवारी. एका घरात आठवड्याला तीन सुट्ट्या आणि एकत्र एकही नाही.

बरं, ही सुट्टी काही फुकटात मिळालेली नाही मंडळी. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळाली 10 जून 1890 रोजी. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून सभा, अर्ज, सह्या असा पाठपुरावा केला होता. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, हाही त्यांचा एक मुद्दा होता. म्हणजे ज्या रविवारला आपण 'साहेबाची सुट्टी' समजतो, त्यात जेजुरीचा थोडा भंडारा आहेच.

पण सुट्टी मिळणं वेगळं आणि ती पाळणं वेगळं. आपण काय करतो? उशिरा उठतो, कपडे धुतो, गाडी सर्व्हिसिंगला टाकतो, गॅसच्या नंबरसाठी फोन लावतो. संध्याकाळ झाली की उद्याचा अलार्म. याला विश्रांती म्हणायचं? ही तर घरची शिफ्ट झाली!

पाळणं म्हणजे काय, हे कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींकडून शिकावं. अलिबाग-पेणच्या बाजूला हे ज्यू लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावाने त्यांचं नावच ठेवलं, शनिवार तेली! आसपास कुणालाच त्या दिवशी सुट्टी नसायची. कॅलेंडरवर लाल आकडा नाही, कायदा नाही, बुडालेला धंदा भरून देणारं कुणी नाही. तरीही शतकानुशतकं त्यांनी तो वार सोडला नाही.

त्यांच्या शब्बाथची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तो सकाळी सुरू होत नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लागतो, स्वयंपाक त्याआधीच उरकलेला असतो आणि तिथून काम बंद. दुसऱ्या दिवशी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपला. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, यात घोळच नाही. आपल्या सुट्टीला मात्र दारच नसतं. कामाचे फोन सरळ आत येतात.

माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने ही संध्याकाळची युक्ती उचलली. तो कुरुळीजवळच्या एका कारखान्यात, ती हिंजवडीत, घर मोशीला. पूर्ण दिवस जुळणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी बुधवार संध्याकाळ धरली. सात वाजता समई लागते, दोघांचे फोन कपाटात जातात. खिचडी, पापड, ताक, बस्स. हप्त्यांचा विषय काढायचा नाही आणि दोन्हीकडच्या आयांचाही नाही! गुरुवारी त्याला कंपनीची बस पकडायची नसते, ती नऊला निघते. म्हणजे हातात आले चौदा तास. गेल्या सहा महिन्यांत किती बुधवार पाळले, याचा हिशेब ती फ्रिजवरच्या कॅलेंडरवर ठेवते. बुडालेले बुधवारही आहेत त्यात.

याची किंमत त्यांनी मोजली आहे. गुरुवारी कामावर बोलावलं की पैसे जास्त मिळतात. गुरुवारी येतो म्हटलं की बुधवारची रात्र लवकर झोपण्यात आणि डबा भरण्यात जाते. घराचा हप्ता चालू असताना त्याने महिन्यातले दोन गुरुवार सोडले. त्यावरून घरात भांडणही झालं, कारण हिशेब ती बघते. आणि हेही खरं, की कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना असं 'नको' म्हणता येत नाही. एका खोलीत पाच-सहा जण राहतात, सुट्टी येते ती पाण्याच्या आणि कपड्यांच्या रांगेत जाते. त्यांना 'फोन बंद ठेवा' असं सांगणं म्हणजे चेष्टाच. गावाकडची माणसं त्या फोनमध्येच भेटतात. त्यांनी दुसरं काही धरावं. एका खोलीतली पोरं सुट्टीच्या दिवशी आळीपाळीने सगळ्यांसाठी मटण करतात, आणि त्या जेवणाला कुणी गैरहजर राहत नाही म्हणे.

आमच्या मोशीच्या जोडप्यापुढे सध्या नवाच पेच आहे. पुढच्या आठवड्यात त्याची सेकंड शिफ्ट. बुधवारी घरी यायला रात्रीचे साडेबारा वाजणार. समई तो आल्यावर लावायची, की तिने सातलाच लावून तेल घालत बसायचं? वाद चालू आहे.