कॉफी प्यायची, तर तिचं जंगलही राखा

1869 मध्ये सिलोनच्या मळ्यांत कॉफीच्या पानांखाली केशरी भुकटी दिसू लागली. तो तांबेरा होता. वीसेक वर्षांत तिथली कॉफी जवळपास संपली आणि मळेवाले चहाकडे वळले.

अरेबिका कॉफीचं माहेर इथिओपियाच्या नैऋत्येकडच्या डोंगरी, पावसाळी जंगलांत. जगभरचे बहुतेक मळे तिथून निघालेल्या मोजक्या रोपांच्या वंशातले, त्यामुळे रोगाला तोंड देण्याची त्यांची ताकद तोकडी. नवं बळ शोधायचं तर रानातच जावं लागतं. पण 2019 मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातील संशोधकांनी कॉफीच्या 124 रानटी जाती तपासल्या, तेव्हा त्यांतल्या 60 टक्के धोक्यात असल्याचं आढळलं.

गहू-ज्वारीचं बी वाळवून शीतगृहात दशकानुदशकं ठेवता येतं. कॉफीचं तसं टिकत नाही. वाण जपायचा तर झाडच जगवावं लागतं. कोस्टारिकातील तुरियाल्बाच्या संशोधन केंद्रात हे काम चालतं. इथिओपियातून गोळा केलेला गेशा नावाचा वाण 1953 मध्ये तिथं पोहोचला, पुढे पनामात गेला आणि 2004 च्या तिथल्या कॉफीच्या लिलावात त्यानं जाणकारांना थक्क केलं. मधली पन्नास वर्षं कुणी त्याची फारशी दखलही घेतली नव्हती!

असं काम दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर कसं चालणार? कॉफीवर नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी आणि ती पिणाऱ्या श्रीमंत देशांनी जिवंत झाडांच्या अशा संग्रहांचा कायमचा खर्च उचलावा. जंगल राखणाऱ्या इथिओपियातील शेतकऱ्यांचा हिस्साही त्यांनी द्यायलाच हवा.