पुस्तक मिटल्यावर

आमच्या नातीचे यंदा दहावीचे वर्ष. परवा पूर्वपरीक्षेचा इतिहासाचा पेपर देऊन आली आणि दप्तर टाकून रडत बसली. “आबा, तीन वेळा वाचलं होतं हो! पेपरात काही आठवेचना.” मी तिचे पुस्तक चाळले. पिवळी रेघ नसलेली ओळ शोधावी लागत होती.

मला माझी फजिती आठवली. १९८६ साली बँकेत बढतीच्या आशेने मी सी.ए.आय.आय.बी.च्या परीक्षेला बसलो. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट रोज रात्री वाचत असे. पेपरात चेकची व्याख्या विचारली आणि दिवसभर चेकच हाताळणारा मी कोरा कागद बघत राहिलो. नापास झालो. आमचे वयस्कर हेडकॅशियर म्हणाले, “गिऱ्हाइकाचा चेहरा ओळखीचा वाटतो म्हणून चेक पास करतोस का? नमुन्याच्या सहीशी ताडतोसच ना? मग वाचलेलं न ताडता कसं सोडतोस?”

तेव्हापासून मी पुस्तक मिटून कागदावर आठवेल तेवढे लिहू लागलो, मग पुस्तक उघडून ताळा करू लागलो. पुढच्या खेपेस सुटलो.

हेडकॅशियरसाहेबांचे म्हणणे पुढे शास्त्रानेही उचलून धरले. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या दोन तऱ्हा तपासल्या. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना सारे ओळखीचे वाटते आणि तिथेच आपण फसतो. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने तर १८८५ सालीच, निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून, विसरण्याचा वेग मोजला होता. पहिल्या काही तासांतच बरेचसे निसटते, पुढे गळती मंदावते. एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी कमी कष्टात टिकते, हेही त्यानेच दाखवले.

आमच्या शाळेतले गुरुजी यातले काही वाचलेले नव्हते. पण पावकी-निमकी म्हणून झाली की ते मध्येच एखाद्याला उठवत, “सत्तावीस साते?” पाठांतराची आपण पुढे यथेच्छ टिंगल केली, त्यातले हे अवचित विचारणे तेवढे ठेवायला हवे होते.

नातीला कोरा कागद दिला. नऊ मुद्द्यांपैकी चार आठवले. चेहरा उतरला. “वाचताना सगळं येत होतं!” म्हणून माझ्यावरच चिडली. दोन दिवसांनी त्याच धड्याचे सात आले. राहिलेले दोन तिने स्वतःच शोधून खाली लाल शाईने लिहिले.

काल जेवताना म्हणाली, “आबा, आता तुम्ही सांगा चेकची व्याख्या. न बघता.” मी ऐटीत सांगितली. तिने कपाटातला जुना कायदा काढून ताडून पाहिली. दोन शब्द चुकले होते.