पाच फायली आणि एक खोली



माझी धाकटी जाऊ लेकीच्या बाळंतपणासाठी चार महिने न्यू जर्सीला राहून आली. कामशेतला परतल्यावर महिन्याभरात तिच्या बोटांचे सांधे सुजले. सकाळी पोळी लाटता येईना. लेक फोनवर म्हणाली, "आई, परसात तुझ्या पायाला गोचीड चिकटली होती ना? लाइम असेल." तिकडे हा आजार सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे तो क्वचितच दिसतो.

मग वणवण सुरू झाली. कामशेत, तळेगाव, पुणे. एकाने रक्त तपासलं, एकाने एक्स-रे काढला, एक म्हणाले वय झालं, एक म्हणाले टेन्शन घेऊ नका. सहा महिन्यांत पाच फायली जमल्या आणि एकाची फाइल दुसऱ्याने उघडली नाही.

शेवटी पुण्यातच एका ठिकाणी संसर्गजन्य आजारांचे डॉक्टर, सांधेतज्ज्ञ बाई आणि फिजिओथेरपिस्ट तिच्यासाठी एका खोलीत बसले. अंगावर गोल, पसरत जाणारा लाल चट्टा उठला होता का, हे पहिल्यांदाच कुणी विचारलं. लाइमच्या बहुतेक रुग्णांना तो गोचीड चावल्यापासून 3 ते 30 दिवसांत उठतो. हिला नव्हता. मग बाईंनी विचारलं, "जेवता किती वाजता?" चौविहार आहे म्हटल्यावर सगळ्या गोळ्या त्यांनी सूर्यास्ताआधी बसवून दिल्या. तपासण्यांअंती लाइम नाही, आमवात निघाला. औषध बरीच वर्षं चालणार. तरीही घरी आल्यावर ती म्हणाली, "आज सगळं ऐकून घेतलं गं कुणीतरी."

माझं मत त्या दिवशी बदललं. पेशंटचं समाधान म्हणजे बरं होणं, असं मी धरून चालले होते. पण हिला तर नको असलेलं उत्तर मिळालं होतं. समाधान होतं ते तिघांनी मिळून एकच उत्तर दिलं आणि पुढे काय करायचं ते सांगितलं, याचं. फ्रान्समध्ये 2019 साली गोचिडीच्या आजारांसाठी पाच केंद्रं नेमली, तिथे वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर मिळून रुग्ण पाहतात. लाइमच्या संशयाने आलेल्या अनेकांना तिथेही दुसरंच काही निघतं. "लाइम नाही" एवढं सांगून त्यांना घरी पाठवत नाहीत, म्हणून त्या केंद्रांना अर्थ आहे.

आणि या आजाराचा शोध तरी कसा लागला? अमेरिकेत कनेटिकटमधल्या लाइम गावच्या पॉली मरे या गृहिणीचं सगळं घर वर्षानुवर्षं आजारी असायचं. मनाचे खेळ आहेत, असंही तिला सुचवलं गेलं. ती मात्र प्रत्येकाच्या दुखण्याच्या नोंदी ठेवत राहिली. 1975 मध्ये तिने आणि आणखी एका आईने सरकारी आरोग्य खात्याला कळवलं, तेव्हा कुठे डॉक्टर चौकशीला लागले.

आपल्या शास्त्रात एका बाजूने पाहिलेल्या सत्याला नय म्हणतात. नय खोटा नसतो. पण बाकीच्या बाजू नाकारल्या की त्याचाच दुर्नय होतो. जाऊचे पाचही डॉक्टर अडाणी नव्हते. त्यांचे पाच नय पाच फायलींत पडून राहिले, एवढंच.

प्रत्येक तापाला तीन डॉक्टर एकत्र बसवा, असं मी म्हणत नाही. तेवढा वेळ कुणाकडे नाही आणि पैसाही. पण ज्या दुखण्याला महिनोन्‌महिने नाव मिळत नाही, त्याला तरी ही खोली मिळायला हवी.

हे आपल्या हातात आहे. महावीर जन्मकल्याणकाला गावोगावचे संघ आरोग्य शिबिरं भरवतात. डोळ्यांचं टेबल, हाडांचं टेबल, साखरेचं टेबल. संध्याकाळी माइकवर किती पेशंट तपासले तो आकडा सांगतात. पुढच्या वर्षी शेवटचा एक तास राखून ठेवू या. टेबलं जोडायची, डॉक्टरांनी एकत्र बसायचं आणि टेबलामागून टेबल फिरून दमलेल्या चार-पाच जणींचं नीट ऐकायचं. आकडा कमी भरला तरी चालेल.

आणि आपण? दुखणं कधी सुरू झालं, उपवास कोणते केले, अंगावर काय उठलं, हे संकोच न करता वहीत लिहायचं. जाऊने वही घातली आहे. बोटं अजून पुरती मिटत नाहीत, पण पोळ्या ती लाटते.