तिसरं घर

आमचा ब्रूनो दीड वर्षाचा, गावठी आणि लॅबचं मिक्स. आमचं घर त्याचं तिसरं. पहिल्यांनी 'फार भुंकतो' म्हणून दिला, दुसऱ्यांनी बदली झाली म्हणून. आता मी नुसती ट्रॅव्हल बॅग काढली तरी हा दाराला पाठ लावून बसतो. हलत नाही राव!

आणि लोक म्हणतात, "सेकंड हँड कुत्रा कशाला? पिल्लू आणायचं ना!" अहो, दुसऱ्याने लिहिलेला आठ वर्षांचा कोड आपण मुकाट्याने सांभाळतो, तोही डॉक्युमेंटेशनशिवाय. मग इथेच कोरी पाटी कशाला हवी? चपला तर पिल्लूही फाडतंच.

खरा बग मालकाच्या हौसेत आहे. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो, हौस पुढच्या अप्रेजलपर्यंत टिकते. प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरवलं. पहिल्या वेळचा दंड? १० ते ५० रुपये. वडापावचे पैसे!

असो. कुत्रा आणण्याआधी स्वतःला विचारा: बदली झाली, लग्न झालं, बाळ झालं, तर? उत्तर नसेल तर कृपा करून आणू नका. ब्रूनो अजून दारापाशीच बसलाय. मला फक्त दूध आणायला जायचंय, हे त्याला कसं सांगू?