‘एकच प्याला’ पूर्ण वाचू द्या

गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ म्हणजे दारूबंदीचा धडा, अशी आपण शाळेत या नाटकाची बोळवण करतो. एखादा प्रवेश, खाली चार प्रश्न आणि शेवटी ‘तात्पर्य लिहा’. मुलं तात्पर्य लिहितात, गुण मिळवतात आणि पान उलटतात. माध्यमिक शाळेत मराठी शिकवणारी म्हणून मला हे अजिबात पटत नाही. दारू वाईट, हे कळायला गडकरी लागत नाहीत. मुलांना ते आधीच ठाऊक असतं. काहींना तर घरातूनच.

गडकरी त्यापलीकडचं सांगतात. सुधाकर हुशार वकील. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळापुरती रद्द होते आणि मानी सुधाकराला तो अपमान पचवता येत नाही. दारुडा तळीराम प्याला पुढे करतो, तो नेमका याच घडीला. पुढे सुधाकर दारू सोडतोही. पण काम मागायला गेल्यावर प्रतिष्ठित मंडळी त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. या पडझडीत दारूइतकाच त्याचा अहंकार आणि भोवतालचा समाजही सामील आहे. एका उताऱ्यातून हे कसं कळणार?

म्हणून मी पात्रं वाटून देते आणि नाटक वर्गात मोठ्यानं वाचून घेते. तळीराम आणि त्याच्या दारुड्या सोबत्यांच्या आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशाला वर्ग खो-खो हसतो. हसू द्यावं. त्याच तळीरामाच्या नादानं उभं घर बसतं, तेव्हा मुलं आपोआप गप्प होतात. धुंदीत सुधाकराच्या हातून बाळ जातं. त्याची बायको सिंधू स्वतः मरणाच्या दारात असते, तरी फौजदारासमोर खोटं बोलून ती नवऱ्याला वाचवते. इथे वर्ग पेटतो. ‘बाई, ती माहेरी का नाही गेली?’ ‘तिनं खरं सांगायला हवं होतं.’ मागच्या बाकावरून एक मुलगा विचारतो, ‘त्याला नोकरी मिळाली असती तर तो सुटला असता का?’ या प्रश्नासाठी शोकांतिका शिकवायची असते.

सिंधूचं पातिव्रत्य आजच्या मुलींपुढे ठेवू नये, असं काही सहकारी म्हणतात. मी म्हणते, जरूर ठेवावं आणि त्यावर मुलींना भांडू द्यावं. बालगंधर्वांच्या सिंधूनं प्रेक्षकांना रडवलं. आजच्या मुलीला तिच्या सोसण्याचा राग येत असेल, तर तो राग वर्गात बोलून दाखवायची सोय हवी. नाटक लपवून ती होणार नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. नाटक पाच अंकी आहे; आठ-दहा तासिकांत वाचून होतं. पुस्तकाचीही अडचण नाही. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला हे नाटक रंगमंचावर आणलं. आज त्यावर कुणाचेही हक्क उरलेले नाहीत. शाळांना ते मोफत छापून वाटता येईल. शिक्षण मंडळानं संपूर्ण नाटक पूरक वाचनाला लावावं, मुलांना ते शेवटच्या प्रवेशापर्यंत वाचू द्यावं आणि प्रश्नपत्रिकेतला तात्पर्याचा प्रश्न तेवढा काढून टाकावा.