रस्ता आखताना कोणाला विचारतात? मुंबईच्या दोन रस्त्यांची गोष्ट

१/
गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबावर एक कागद डकवलेला दिसला. रस्त्याचे रुंदीकरण व पुनर्बांधणी होणार आहे, हरकती व सूचना लेखी कळवाव्यात, असा मजकूर होता. मुदत संपून चार दिवस झाले होते. नकाशा पाहण्याची वेळ दिली होती ती कामाच्या दिवसाची, कामाच्या तासांतली. असा कागद आपणही कधी ना कधी पाहिला असेल. त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात तापाचे आणि गाठींचे रुग्ण आढळू लागले. हा प्लेग आहे, हे ओळखून जाहीरपणे सांगणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस मूळचे गोव्याचे आणि मुंबई महापालिकेचे सदस्य. पुढच्या काही महिन्यांत लोकांनी शहर सोडायला सुरुवात केली. गिरण्यांना हात मिळेनात, बंदरातला व्यापार अडला. सरकार हादरले ते माणसांच्या मृत्यूंनी, आणि तितकेच या थांबलेल्या चक्रांनी.

३/
दोष कोणाचा? तत्कालीन उत्तर ठरलेले होते: कोंदट हवेचा. अंधाऱ्या खोल्या, एकमेकींना टेकलेल्या इमारती, मधली घाण साचलेली घरगल्ली. तिथली हवा कुजते आणि त्या हवेतून रोग पसरतो, ही समजूत डॉक्टरांपासून अभियंत्यांपर्यंत बहुतेकांची होती. रोग हवेतून येतो असे एकदा मानले, की इलाजही हवेचाच सुचतो. समुद्रावरचा वारा वस्तीत शिरावा म्हणून वस्ती कापायची.

४/
त्यासाठी १८९८मध्ये गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीत स्वतंत्र कायदा झाला आणि ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. लक्षात घ्या, शहरात महापालिका होती. १८८८चा तिचा कायदा होता आणि निवडून आलेले सदस्यही होते. तरीही शहर पाडण्या-बांधण्याचे काम तिच्याकडे न देता एका वेगळ्या मंडळाकडे सोपवले गेले. महापालिकेला त्या मंडळावर काही विश्वस्त निवडून पाठवता येत, पण सूत्रे तिच्या हाती नव्हती. खर्चाचा वाटा मात्र तिने उचलायचा होता.

५/
इथे एक विलक्षण योगायोग आहे. त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्यकाने कराचीत प्रयोग करून दाखवले, की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो. ही गोष्ट सर्वमान्य व्हायला पुढचे दशक उजाडावे लागले. म्हणजे वारा खेळवणारे रस्ते ज्या निदानावर आखले गेले, त्या निदानाचा पाया ट्रस्टच्या जन्मवर्षीच खचू लागला होता. आराखडे मात्र पुढे सरकत राहिले.

६/
आता ते दोन रस्ते. पहिला प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग. मरीन लाइन्सच्या बाजूने निघून तो दाट वस्ती छेदत क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने जातो. दुसरा सँडहर्स्ट रोड. गिरगाव चौपाटीकडून पूर्वेला डोंगरीपर्यंत काढलेला. त्याच्या पश्चिमेकडच्या भागाला आज सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात. जुने नाव रेल्वे स्थानकाने लोकांच्या जिभेवर टिकवून धरले. दोन्ही रस्त्यांची दिशा पश्चिम ते पूर्व. कारण सोपे आहे. वारा पश्चिमेकडून येतो.

७/
रस्ता कसा आखला जाई? आधी नकाशावर पट्टा ठरे. मग योजनेची अधिसूचना निघे, मालकांना नोटिसा जात, हरकती ऐकल्या जात, सरकारची मंजुरी येई, मग भूसंपादन. मोबदल्यावर वाद झाल्यास न्यायाधिकरण होते. कागदावर पाहिले तर प्रत्येक पायरीला जागा आहे. आजच्या कोणत्याही शहरातली रस्तारुंदीकरणाची फाइल उघडा, सांगाडा जवळपास हाच दिसेल.

८/
पैशाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. ट्रस्ट रस्त्यापुरतीच जमीन घेत नसे. रस्त्याच्या दोन्ही अंगांची जास्तीची जमीनही घेई. रस्ता झाला की त्या जमिनीचा भाव वाढे. मग तिथे नवे भूखंड पाडून ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले जात. वाढीव किमतीतून रस्त्याचा खर्च भरून काढायचा, ही कल्पना. हिशेब चोख होता. पण नव्या भावाला ती जागा घेणारा माणूस जुना रहिवासी असण्याची शक्यता किती?

९/
हरकती आल्या का? भरपूर. घरमालकांनी मोबदल्यासाठी लढे दिले. महापालिकेतही ट्रस्टवर सातत्याने टीका झाली. ती वाचताना आपल्याला वाटते, की हा निवडून आलेल्यांचा नेमलेल्यांशी लढा आहे आणि आपली बाजू आपोआप ठरते. इथे जरा थांबायला हवे. त्या काळी मताचा हक्क कर भरणाऱ्या मोजक्या लोकांना होता. महापालिकेत मालकांचा आवाज मोठा होता. पडक्या चाळीचे भाडे घेणारा माणूसच बऱ्याचदा ‘जनतेच्या’ वतीने बोलत होता.

१०/
आणि भाडेकरू? गिरणीत, गोदीत, बाजारात राबणारा, एका खोलीत सहा-आठ माणसांसह राहणारा? ट्रस्टच्या मंडळात तो नव्हता, महापालिकेच्या मतदारयादीत नव्हता, मोबदल्याच्या यादीतही नव्हता. मालकाला पैसे मिळत, भाडेकरूला खोली रिकामी करण्याची सूचना मिळे. दोन्ही बाजू त्याचे नाव घेऊन भांडत होत्या आणि त्याला खुर्ची कोणीच दिली नव्हती. या धाग्यातला माझा मुख्य मुद्दा हाच आहे.

११/
परिणाम अपेक्षितच झाला. पहिल्या काळात जितक्या खोल्या पाडल्या तितक्या नव्या बांधून झाल्या नाहीत. उठवलेली माणसे कामापासून लांब जाऊ शकत नव्हती, कारण रोजची मजुरी पायी गाठायची होती. ती शेजारच्या गल्लीत गेली, तिथल्या खोल्यांत आणखी दाटीने राहिली. एका पेठेतली गर्दी हटवून ती दुसऱ्या पेठेत भरली गेली. वारा नव्या रस्त्यावरून वाहत राहिला. दोन गल्ल्या आतल्या खोलीत तो पोहोचला नाही.

१२/
ट्रस्टलाही हे उमगले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पुढच्या काळातले अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी सरसकट पाडापाडीऐवजी इमारतीगणिक सुधारणेचा आग्रह धरला. त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे. खोलीत प्रकाश त्या कोनातून यायला हवा, म्हणजेच समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीहून उंच असू नये. रस्त्यावरून पाहणारी नजर आता खिडकीतून पाहू लागली होती.

१३/
ट्रस्टने चाळीही बांधल्या. ‘बीआयटी चाळ’ हा शब्द मुंबईकरांना आजही परका नाही. परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, हीदेखील ट्रस्टच्याच योजनेची फळे. तेव्हा ‘परकीयांनी शहर उद्ध्वस्त केले’ असे एका ओळीत निकालात काढता येणार नाही. त्या सावलीच्या रस्त्यांवरून आपण आजही समाधानाने चालतो.

१४/
याच सुमारास दुसरी वाट दाखवणारा माणूस हिंदुस्थानात आला. पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचे, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचे म्हणणे साधे होते. शस्त्रक्रिया करा, पण जपून. आधी गल्ली पायी हिंडा, विहीर, झाड, देऊळ, ओटा पाहा, माणसे कुठे बसतात ते पाहा. एखादे पडके घर काढून जागा मोकळी होत असेल, तर अख्खी पेठ का कापायची?

१५/
होळकरांच्या इंदुरातली त्यांची एक हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. शहरात प्लेगची भीती होती. गेडिसनी सणाच्या मिरवणुकीचा मार्ग परंपरेने न ठरवता अट घातली, की ज्या गल्ल्या लोक झाडून, डागडुजी करून लखलखीत ठेवतील त्यांतून मिरवणूक जाईल. मग काय, गल्लीगल्लीत चढाओढ लागली. तीत नाट्य होते खरे. पण रस्ता आपला आहे ही जाणीव नोटिशीने जागी होत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

१६/
१९१५मध्ये मुंबई इलाख्यात नगररचना कायदा झाला, देशातला पहिला. त्याची पद्धत वेगळी होती. जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते व बागा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या भूखंडांत मूळ मालकांना परत द्यायची. उठवण्याऐवजी सामावून घेण्याचा हा प्रयत्न होता. पण तिथेही ज्याच्या नावावर सातबारा वा सनद, तोच हिशेबात. कूळ आणि भाडेकरू पुन्हा दाराबाहेर. १९३३मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. संस्था गेली, सवय राहिली.

१७/
आता वर्तमानात येऊ. मुंबईत १८८८चा कायदा आजही चालू आहे. इतर महानगरांना १९४९चा अधिनियम लागू आहे. रस्त्याची नियमित रेषा बदलायची तर महिनाभर आधी जाहीर सूचना द्यावी, ती त्या रस्त्यावरही लावावी, आलेल्या हरकतींचा विचार करावा, अशी मुंबईच्या कायद्यात तरतूद आहे. आमच्या खांबावरचा कागद याच कुळातला. पण ही तरतूद रेषेपुरती आहे. पदपथ किती रुंद, झाड कुठे, भाजीवाली कुठे बसणार, शाळेसमोर वाहने कशी थांबणार, हे तिच्यात येत नाही.

१८/
ते कुठे ठरते? प्रत्यक्षात क्रम असा असतो: अंदाजपत्रकात तरतूद, सल्लागाराचा आराखडा, निविदा, कार्यादेश, खोदकाम. निविदा निघाली की परिमाणे गोठतात. त्यानंतर नागरिकाने सुचवलेला प्रत्येक बदल ‘वाढीव खर्च’ ठरतो. म्हणजे ज्या क्षणी लोकांना रस्ता दिसू लागतो, त्या क्षणी त्यांचे ऐकणे परवडेनासे झालेले असते. १८९८च्या आराखड्यांचेही हेच झाले. निदान चुकले होते, पण कामे निघाली होती.

१९/
अडचण कायद्यांच्या अभावाची नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांना प्रभाग समित्या दिल्या. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या. पुण्यात २००६पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची प्रथा आहे. तरीही मुंबईत मार्च २०२२नंतर काही वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते, आणि त्याच काळात सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सुमारे ६,००० कोटींची कंत्राटे दिली गेली. रस्ते हवेच होते. विचारायला कोणी नव्हते, हे त्याहून मोठे वास्तव.

२०/
समोरची बाजूही ऐकू या. अभियंते म्हणतात, प्रत्येकाला विचारत बसलो तर रस्ता होणारच नाही. दोन पावसाळ्यांमधले महिने हातात असतात, जलवाहिनी, मलवाहिनी, केबल सगळे त्यात उरकायचे असते. हे खोटे नाही. शिवाय गल्लीतल्या सभेत मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो, आणि त्याला बहुधा स्वतःच्या गाडीसाठी जागा हवी असते. १९००च्या घरमालकाचा वारस आजही सभेला वेळेवर येतो.

२१/
म्हणून माझा आग्रह ‘लोकांना विचारा’ एवढाच नाही. दोन गोष्टी ठरवाव्यात. एक, विचारणे आराखड्याआधी व्हावे, निविदेनंतर नव्हे. त्याला महिना पुरतो. तीनदा खोदण्यापेक्षा तो स्वस्त आहे. दोन, कोणाला विचारले याची नोंद फाइलवर असावी: भाडेकरू, फेरीवाला, शाळेत चालत जाणारी मुले, पहाटे झाडणारा सफाई कामगार. जो सभेला येऊ शकत नाही त्याच्याकडे अभियंत्याने जावे. गेडिस गेले होते.

२२/
सँडहर्स्ट रोड रुंद आहे, उपयोगी आहे, शहर आज त्याच्याशिवाय चालणार नाही. पण त्या रुंदीत कोणाच्या खोल्या होत्या, ते लोक कुठे गेले, याची नोंद शोधायला गेलो तर मालकांची नावे मिळतात, मोबदल्याचे आकडे मिळतात, भाडेकरूंची नावे सहसा मिळत नाहीत. आपल्या गल्लीच्या फाइलमध्ये शंभर वर्षांनी कोणी डोकावले, तर त्याला कोणाची नावे दिसावीत? त्याचे उत्तर कागद डकवण्याआधी द्यावे लागते.

२३/
आपल्या गावात, आपल्या पेठेत रस्ता आखताना काय घडले, जुन्या मंडळींकडून काय ऐकले, ते जरूर लिहा. विशेषतः जे उठले, त्यांच्याविषयी. धागा इथे थांबतो.